कासवाला पंगत नको, कुरण हवं

अक्कलकोटला आलेला माणूस उपाशी परत जात नाही, अशी या गावाची ख्याती आहे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी अन्नछत्रात रोज पंगती बसतात, आणि दारात आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं हे इथल्या घराघरांत मुरलेलं आहे. माणसांच्या बाबतीत हे उत्तमच. पंचाईत होते ती घरात मोठं, जमिनीवरचं कासव पाळलेलं असेल तेव्हा. पाहुणा कौतुकाने केळं पुढे करतो, आजी दहीभात ठेवते, पोरं बिस्किटं चारतात, कुणी सोलापुरी कडक भाकरीचा तुकडाही टाकून बघतो. कासव सगळं खातं. खातं म्हणजे त्याला मानवतं, असा समज होतो आणि दुखण्याची सुरुवात तिथूनच होते.

पण खाण्याच्या आधी कासव कोणतं, हे ठरवायला हवं. ते चुकलं तर प्रकरण थेट वनखात्याच्या पंचनाम्यात जातं. भारतातलं कोणतंही देशी कासव घरात ठेवू नये. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव दिसायला देखणं, म्हणूनच त्याची तस्करी सर्वाधिक. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत देशात किमान १,११,३१० कासवं बेकायदा व्यापारात सापडल्याची नोंद ‘ट्रॅफिक’ या संस्थेने केली, आणि ज्यांची जात ओळखता आली त्यांतली जवळजवळ निम्मी तारा कासवं होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि तारा कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पकडलं गेल्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ‘आमच्याकडे आजोबांपासून आहे’ ही सबब तिथे चालत नाही. विहिरीत किंवा ओढ्यात मिळालेलं, पाठीवर मऊ कातडं असलेलं कासवही असंच संरक्षित. असं कासव कुणाच्या घरात अडकलेलं दिसलं तर राज्याच्या वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे.

‘वीस नखी’ कासवाने पैशांचा पाऊस पडतो, असं सांगणारे भोंदू अजूनही फिरतात, त्यांच्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं. जमिनीवरच्या बहुतेक कासवांच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. विसाचा हिशोब मुळातच जुळत नाही. पैशांच्या पावसाचं आमिष दाखवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही आहे.

मग कायद्याने पाळता येतं असं मोठं कासव कोणतं? व्यवहारात दोन नावं येतात. एक हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटांचं महाकासव, जे सामान्य घराच्या आवाक्यातलं नाही. दुसरं आफ्रिकेतलं सल्काटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या रखरखीत पट्ट्यात ते राहतं. गॅलापागोस आणि अल्डाब्राच्या कासवांनंतर जगात आकाराने याचाच नंबर. परदेशी असलं तरी त्यालाही कागद लागतात. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या नियमांनुसार, व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा प्राण्याची नोंद ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. पुढे पिल्लं झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. ‘नोंदीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून पिल्लू घेऊच नये.

दुकानात हे पिल्लू जेमतेम पेढ्याएवढं, चार-पाच सेंटिमीटरचं असतं. फसगत इथेच होते. नीट वाढलेलं सल्काटा चाळीस-पन्नास किलोंचं होणं ही साधी गोष्ट आहे, आणि मोठे नर शंभर किलोंपर्यंत जातात. आयुष्य सत्तर वर्षांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. हैदराबादच्या नेहरू प्राणी संग्रहालयात मार्च २०२४ मध्ये चाणक्य नावाचं महाकासव गेलं, तेव्हा त्याचं वय सव्वाशेच्या घरात सांगितलं गेलं. १९६३ साली ते निजामाच्या काळातल्या बागेआममधून तिथे आणलं होतं. माणसांची राजवट बदलली, कासव आपलं चरत राहिलं. दख्खनच्या याच कोरड्या, तापट हवेत मोठं कासव दीर्घकाळ जगू शकतं याचा तो जवळचा दाखला. मात्र त्याच्या दिमतीला अख्खी बाग होती, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न जागेचा. फ्लॅट, गच्ची, गॅलरी यांतलं काहीही चालणार नाही. एका पूर्ण वाढलेल्या सल्काटाला निदान अर्धा गुंठा मोकळी जमीन हवी, गुंठाभर असेल तर फारच छान. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद एवढ्या जागेत ते दिवसभर फिरतं, चरतं, उकरतं. शहरात हे स्वप्नच, पण अक्कलकोट तालुक्यातल्या वस्तीवरच्या घरामागे एवढी जागा सहज निघते. म्हणूनच हा प्राणी पुण्या-मुंबईपेक्षा इकडे जास्त शोभतो, असं म्हणायला हरकत नाही.

कुंपण जाळीचं नको. पलीकडचं दिसत असेल तर कासव तिथून वाट आहे असं समजतं आणि दिवसचे दिवस डोकं घासत राहतं. पाय अडकून जखमा होतात त्या वेगळ्या. भिंत भरीव हवी, दोन-अडीच फूट उंच आणि निदान फूटभर जमिनीत गेलेली. या भागात त्यासाठी आयता उपाय आहे. सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर, कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागतं आणि तिथली फरशी इकडे स्वस्त पडते. उभ्या शहाबादी फरश्या जमिनीत पुरून केलेली कुंपणं या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसतात. जाड फरशी घ्यावी, सांधे सिमेंटने पक्के करावेत, कोपरे गोलसर ठेवावेत. काटकोनात कासव रेटत बसतं आणि उलथतं. फाटकाला खालून पट्टी आणि भक्कम कडी हवीच, कारण पन्नास किलोंचं जनावर एकदा रेटायला लागलं की साधा लाकडी दरवाजा उखडून काढतं. भिंतीची उंची कासवाला आवरायला पुरते, कुत्र्यांना नाही. मोकाट कुत्री कवच कुरतडतात, पाय तोडतात. त्यामुळे वरच्या अंगाला जाळी लावावीच लागते.

आता मातीचं. सल्काटा जमिनीत बिळं खणतं. मूळ प्रदेशात ती कित्येक फूट खोल जातात. उन्हाळ्यात बाहेर अंगार असताना आत गारवा आणि ओल मिळते, त्यावरच तर हा प्राणी तगतो. पण अक्कलकोटच्या बऱ्याच शिवारात काळी, भारी जमीन आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. अशा मातीत कासवाने स्वतः खणलेलं बीळ पहिल्याच मोठ्या पावसात आत बसतं आणि कासव गाडलं जाऊ शकतं. त्यामुळे त्याला खणायला मोकळं सोडण्यापेक्षा आपणच बीळ बांधून द्यावं. रस्त्याखालच्या मोरीला वापरतात तसा सिमेंटचा पाइप, तीन फूट व्यासाचा, आठ-दहा फूट लांब. तो उतरता पुरायचा, वर दोन फूट माती चढवायची, आत तळाला मुरमाचा थर द्यायचा. व्यास कमी घेऊ नये, कारण कासवाला आत वळता आलं पाहिजे. मागे सरकत बाहेर येणं त्याला जमत नाही असं नाही, पण कवच घासून जातं. तोंड पूर्वेकडे ठेवलं तर सकाळचं ऊन मिळतं आणि पश्चिमेकडून येणारा पावसाळी झोत आत शिरत नाही. तोंडापाशी मुरमाचा वीतभर उंचवटा केला नाही, तर पहिल्या सरीतच बिळाची विहीर होते. बाकीच्या आवारातही निदान एक तृतीयांश भागात मुरूम टाकून चढ करावा. चार महिने चिखलात उभं राहिलेल्या कासवाच्या पोटाकडचं कवच कुजायला लागतं.

उन्हाळा सोपा, असं बाहेरून वाटतं. आफ्रिकेतला प्राणी, त्याला सोलापूरच्या उन्हाचं काय? पण कासवाला घाम येत नाही आणि स्वतःचं तापमान शरीरातून आवरताही येत नाही. पारा ४२-४३ वर गेल्यावर ज्याला सावली किंवा बीळ नाही, ते उघड्यावर काही तासांत दगावू शकतं. लिंबाची किंवा चिंचेची दाट सावली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलेला एक कोपरा आणि लोळायला ओला खड्डा, एवढं मिळालं की तेच कासव मे महिना मजेत काढतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ च्या खाली उतरतो, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत ओल आणि गारठा एकत्र येतो. कोरडी थंडी एक वेळ निभते, पण ओली थंडी छातीत जाते. म्हणून आवारात एक पक्की खोली हवी, साधारण सहा बाय सहा फुटांची. पत्र्याचं छत असेल तर त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरावा. त्याने उन्हाळ्यात तापत नाही, हिवाळ्यात गारठत नाही. दाराला गोणपाटाचा किंवा रबरी पट्ट्यांचा पडदा, आत मुरूम आणि वाळलं गवत. आतलं तापमान रात्री १६ अंशांखाली जाऊ देऊ नये, वीसच्या आसपास राहिलं तर उत्तम. त्यासाठी उजेड न देता उष्णता देणारा सिरॅमिक दिवा थर्मोस्टॅटसह वर टांगावा. वायर आणि दिवा त्याच्या आवाक्याबाहेर हवेत. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणं म्हणजे त्याला गुदमरवून मारणं. वीज जाणारच, हे धरून जास्तीचं गवत भरून ठेवावं. अंधार पडला की कासव खोलीत आहे का, हे बघायला रोज कुणीतरी जायला हवं. ते बाहेरच बसून राहिलं असेल तर ढकलून आत घालावं लागतं, आणि हे काम मोठ्या नराच्या बाबतीत दोन माणसांचं आहे.

आता खाणं. सल्काटाचं पोट चरणाऱ्या जनावराच्या पोटासारखं काम करतं. कडक, तंतुमय, निकस गवत आत जातं आणि आतड्यातले जिवाणू ते आंबवून पचवतात. त्यात गोड फळ, शिजवलेला भात, बिस्किट गेलं की आंबणं बिघडतं, गॅस धरतो, जुलाब होतात, जंत माजतात. म्हणून रोजच्या खाण्यात दहातला आठ-नऊ भाग गवत हवं. हरळी, मारवेल, बांधावरचं मिश्र गवत. राहिलेल्या भागात जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, भोपळ्याची पानं. फड्या निवडुंग तर त्याचं आवडतं, शिवाय पाणी आणि कॅल्शियम दोन्ही देणारं. फक्त काटे आणि डोळ्यांना न दिसणारी कुसं जाळावर धरून पूर्ण जाळून टाकावीत. पालक, तांदुळजा, घोळ यांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून या भाज्या अधूनमधून, मूठभरच. दुभत्या गाईसाठी लावलेला लसूणघास शेजारी हिरवागार दिसतो आणि मोह होतो, पण त्यात प्रथिनं फार असतात. तोही चवीपुरताच.

गवताचा प्रश्न फेब्रुवारीनंतर येतो, जेव्हा बांध पिवळे पडतात. तजवीज त्याआधीच करावी. मारवेल फुलोऱ्याला येताना कापून सावलीत वाळवला तर जूनपर्यंत पुरतो. या तालुक्यात ज्वारीचा कडबा भरपूर. त्याची जाड धाटं कासवाला चावता येत नाहीत, पण कुट्टी करून त्यातली पाती वेगळी काढावी, पाण्यात भिजवावी आणि थोड्या हिरव्या पाल्यात मिसळून द्यावी. ताज्या ज्वारीबद्दल मात्र सावध राहावं. कोवळ्या किंवा पाण्याअभावी सुकलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होतं आणि ती खाऊन गुरं मरतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कासवालाही ती घालू नये. कुसळी गवत बी धरल्यावर देऊ नये, कुसळं तोंडात आणि डोळ्यांत रुततात. कण्हेर, धोतरा, रुई, एरंड, घाणेरी आणि गाजरगवत आवारात उगवूच देऊ नयेत. कण्हेर तर शोभेसाठी सर्रास लावलेली असते. जिथे तणनाशक किंवा कीटकनाशक मारलं आहे त्या बांधाचा चारा टाळावा. तूर फुलात असताना शेजाऱ्याने कधी फवारलं, हे विचारायला लाज वाटू देऊ नये. आणि गुटख्याच्या पुड्या, चॉकलेटचे कागद, कॅरीबॅगचे तुकडे रोज सकाळी वेचावेत. चमकतं आणि रंगीत ते सगळं कासव तोंडात घालतं, आणि ते आतड्यात अडकतं.

चारा मातीवर टाकण्याऐवजी खडबडीत शहाबादीवर टाकावा. वाळू पोटात जात नाही, शिवाय चोच आणि नखं झिजत राहतात. चोच फार वाढली की तोंड मिटत नाही. फरशी गुळगुळीत पॉलिशची असू नये, तिच्यावर पाय फाकतात. ती सावलीत असावी, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचं भांडं खोल नको. जमिनीच्या पातळीत बसवलेली, चार इंच खोल, उतरत्या कडांची सिमेंटची थाळ करावी. त्यात ते पाणी पितं, बसतं आणि बहुधा तिथेच घाणही करतं, म्हणून पाणी रोज बदलावं. ‘वाळवंटातलं कासव, त्याला पाणी कशाला’ हा गैरसमज महागात पडतो. पाणी कमी पडलं की लघवीतले क्षार साचून मुतखडा होतो, आणि तो काढायला पोटाकडचं कवच कापावं लागतं.

लहान पिल्लांचं गणित थोडं वेगळं. त्यांच्या कवचावर उंचवटे येतात, एकेक खवला टेकडीसारखा वर चढतो. हे जास्त प्रथिनांमुळे होतं असं पूर्वी मानलं जायचं. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सल्काटाच्या पन्नास पिल्लांना पाच महिने निरनिराळ्या आर्द्रतेत आणि आहारावर वाढवलं. प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला. कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठी मात्र ठळकपणे उंचवटेदार झाल्या. सोलापूरची हवा वर्षातले आठ महिने कोरडी. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं पिल्लाच्या लपायच्या जागेत ओलसर नारळाचा काथ्या भरून ठेवावा आणि रोज सकाळी कोमट पाण्यात, हनुवटी बुडणार नाही एवढ्याच, पंधरा-वीस मिनिटं बसवावं. काचेच्या पेटीत ठेवू नये. काचेतून येणाऱ्या उन्हात जीवनसत्त्व ‘ड’ बनवणारे अतिनील किरण जवळजवळ नसतातच, आणि कवच मऊ पडतं. कोवळं ऊन अंगावर थेट पडलं पाहिजे. वर जाळी मात्र हवी, कावळ्यांसाठी आणि मुंगसासाठी.

कॅल्शियमसाठी महागड्या डब्या आणायची गरज नाही. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याचा तुकडा आवारात टाकून ठेवला की कासव हवं तेव्हा कुरतडतं. पानाला लावायचा चुना मात्र कधीही देऊ नये, तोंड भाजतं.

जोडीदार हवाच, हा आणखी एक कळवळा. सल्काटा एकटं सुखात राहतं. दोन नर एकत्र ठेवले तर गळ्याखालच्या कवचाच्या टोकाने एकमेकांना उलथवतात, आणि उन्हात उताणं पडलेलं कासव मरतं. मादी नराशिवायही अंडी धरू शकते, एका वेळी पंधरा ते तीस. ती अस्वस्थ होऊन जागोजागी उकरू लागली, खाणं सोडलं, तर तिला मऊ भुसभुशीत मातीचा ढीग द्यावा. तरीही अंडी घातली नाहीत तर डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांचा मुद्दा इथे नाजूक आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-म्हैस-शेळीचा अनुभव दांडगा असतो, कासवाचा नसणं स्वाभाविक आहे. म्हणून एक गोष्ट मालकाने स्वतः पाठ करावी. गोचीड आणि जंतांसाठी गुरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला विषासारखं आहे, त्याने पक्षाघात होऊन मृत्यू येतो. ते इंजेक्शन भरलं जात असेल तर हात धरून थांबवावं. अवघड दुखण्यासाठी उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर मुंबईत परळच्या जुन्या महाविद्यालयात आधी फोन करून जावं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, मिटलेले सुजरे डोळे, आठवडाभर न खाणं, ही थांबू नये अशी लक्षणं. आणि दर महिन्याला भुसार दुकानाच्या काट्यावर वजन करून वहीत लिहावं. कासव आजार चेहऱ्यावर दाखवत नाही, वजन मात्र आधी बोलतं.

मंदिरांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, म्हणून घरच्या कासवाच्याही पाठीवर हळद-कुंकू वाहणारे, तेल चोळणारे असतात. कवच जिवंत असतं, त्याला चोळलेलं तेल माती धरून बसतं आणि ते स्वच्छ राहत नाही. नमस्कार लांबून करावा. हात लावलाच तर साबणाने धुवावेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर हात लावूच देऊ नये.

शेवटी राहतो तो वारसाचा प्रश्न. चाळिशीत आणलेलं पिल्लू मालकाच्या मागे तीस वर्षं जगण्याची शक्यता आहे. अमेरिकेत ॲरिझोनासारख्या राज्यांत, हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या सल्काटांनी बचाव केंद्रं भरून गेली आहेत. इथे तशी केंद्रंही फारशी नाहीत. कंटाळा आला म्हणून कुरनूरच्या धरणात सोडावं तर हे जमिनीवरचं कासव पोहत नाही, बुडतं. नान्नजच्या माळरानावर सोडावं तर तो माळढोक अभयारण्याचा भाग, आणि परदेशी प्राणी तिथे सोडणं हा गुन्हा. पिल्लू घेण्याआधीच घरातल्या तरुण माणसाला विचारावं, की हे पुढे तू सांभाळशील का. तो हो म्हणाला तर देखभालीची वही आणि नोंदणीची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, हेही त्याला दाखवून ठेवावं. कासव त्याच्या नावावर करताना तीच लागतील.